शिवाजीनगरची गुजरी आणि स्टॉकहोमचे कागद

कोल्हापूरकरापुढे गुजरीचे नाव काढले की त्याला सराफांची पेढी आठवते. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातही गुजरी आहे, पण तिथे सोने मिळत नाही. तिथे जुन्या गाड्या खोलतात आणि त्यांचे सुटे भाग विकतात. दरवाजा, आरसा, रेडिएटर, गिअरबॉक्स, ज्याला जे हवे ते त्याने उचलावे. या धंद्याचा एक साधा नियम आहे. गाडी चालती असते तोवर तिचा एकच भाव असतो. ती खोलली की प्रत्येक भागाचा भाव वेगळा होतो, आणि कोणता भाग महाग निघेल हे गाडीच्या मालकालाही आधी सांगता येत नाही.

२०१९ साली बेंगळुरूचीच एक कंपनी अशा सुट्या भागांच्या विक्रीत दुसऱ्याच्या हाती गेली. कंपनीचे नाव ध्रुवा इंटरॅक्टिव्ह. राजेश राव यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी भारतातल्या अगदी पहिल्या व्हिडिओ गेम कंपन्यांपैकी एक. तिचा सौदा मात्र बेंगळुरूत झाला नाही. खोलली जात होती ती स्टॉकहोमची मालक कंपनी, स्टारब्रीझ, आणि ध्रुवा हा तिचा एक भाग होता. त्याच उन्हाळ्यात त्याच दुकानातून आणखी एक भाग विकला गेला: एका अर्धवट गेमच्या प्रकाशनाचा करार. त्याची किंमत ध्रुवापेक्षा बरीच जास्त आली. तीनशेहून अधिक माणसांच्या कंपनीपेक्षा एक करारपत्र महाग कसे ठरले, हे उरलेल्या कागदांवरून मांडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

बखर आणि अस्सल कागद

राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून मराठी इतिहासलेखनाला एक शिस्त लागली. बखर वाचावी, पण भिस्त ठेवावी ती समकालीन पत्रावर. गेमच्या धंद्यातही दोन्ही प्रकारची साधने सापडतात. संस्थापकांच्या मुलाखती, संमेलनांतली भाषणे आणि वाढदिवशी सांगितलेल्या आठवणी या बखरी होत. त्या रसाळ असतात आणि सांगणाऱ्याला शोभतील अशाच असतात. अस्सल कागद मात्र दुर्मिळ, कारण गेम बनवणारा आणि गेम प्रकाशित करणारा यांच्यातल्या करारात गुप्ततेचे कलम हमखास असते.

हे कुलूप दोन ठिकाणी उघडते. एक शेअर बाजारात आणि दुसरे न्यायालयात. स्टारब्रीझचे शेअर स्टॉकहोमच्या बाजारात खेळत होते. जुलै २०१६ पासून युरोपीय संघात लागू झालेल्या बाजारविषयक नियमानुसार, भावावर परिणाम करील अशी माहिती कंपनीला विनाविलंब जाहीर करावी लागते. म्हणून ज्या कराराची कलमे एरवी तिजोरीत राहिली असती, त्यांचा गोषवारा जाहीर निवेदनांत उतरला. ही निवेदने तारखेने लावली की २०१६ ते २०२१ या पाच वर्षांचा एक सलग पत्रव्यवहारच हाती येतो. त्यात स्टारब्रीझ कधी गेम बनवणारी आहे, कधी दुसऱ्याचा गेम प्रकाशित करणारी, तर कधी बेंगळुरूच्या एका कारखान्याची मालकीण. एकाच कंपनीने तीन खुर्च्यांवर बसून केलेले सौदे शेजारीशेजारी पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

पहिली खुर्ची: बनवणारा

‘पेडे २’ हा दरोडेखोरांचा गेम ऑगस्ट २०१३ मध्ये आला आणि तुफान चालला. बनवणारी ओव्हरकिल ही स्टारब्रीझची उपकंपनी, प्रकाशक ५०५ गेम्स. ही ५०५ म्हणजे इटलीच्या डिजिटल ब्रोस या कंपनीची शाखा. मे २०१६ मध्ये स्टारब्रीझने ‘पेडे’ या नावाचे हक्क ५०५ कडून ३ कोटी डॉलरला आपल्याकडे घेतले. किंमत रोख नव्हती, नव्या शेअरांच्या रूपाने होती. खरी गोम दुसऱ्या वाक्यात आहे. पुढे ‘पेडे ३’ निघाला, तर त्याच्या निव्वळ उत्पन्नातला ३३ टक्के वाटा, कमाल ४ कोटी डॉलरपर्यंत, ५०५ ला द्यायचा. मात्र स्टारब्रीझने बनवणीचा आणि जाहिरातीचा आपला खर्च वसूल केल्यानंतर.

म्हणजे जो गेम तेव्हा अस्तित्वातच नव्हता, त्याच्या उत्पन्नावर २०१६ मध्येच बोजा चढला. सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना असतो, तसा हा प्रकार. जमीन नावावर झाली, पण त्या रकान्यात एक नोंद राहून गेली.

दुसरी खुर्ची: प्रकाशक

हक्क हाती आल्यावर स्टारब्रीझला स्वतः प्रकाशक व्हायचे वेध लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने सॅन फ्रान्सिस्कोच्या डबल फाइन या कंपनीशी ‘सायकोनॉट्स २’साठी ८० लाख डॉलरचा करार केला. या गेमसाठी त्याच्या वर्षभर आधी लोकवर्गणीतून सुमारे ३८ लाख डॉलर जमले होते, पण तेवढ्यात काम भागत नव्हते. मार्च २०१७ मध्ये दुसरा करार झाला. अदरसाइड या अमेरिकी कंपनीच्या ‘सिस्टम शॉक ३’साठी सुरुवातीची गुंतवणूक १ कोटी २० लाख डॉलर ठरली. या दुसऱ्या कराराच्या अटी निवेदनात आल्या, म्हणून तो जरा जवळून पाहू.

प्रकाशक बनवणाऱ्याला जे पैसे आगाऊ देतो, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोडीचा मुकादम कोयत्याला उचल देतो आणि हंगामभर ती मजुरीतून फिटत जाते. गेमच्या करारातही तसेच होते. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. नमुना दाखवला की पहिला हप्ता, खेळता येणारा पहिला भाग झाला की दुसरा, असे करत शेवटचा हप्ता गेम पूर्ण झाल्यावर. प्रत्येक टप्प्यावर ‘मंजूर’ म्हणण्याचा अधिकार प्रकाशकाचा. गेम विकायला लागला की आधी उचल फिटते, वाटणी त्यानंतर.

‘सिस्टम शॉक ३’ची अट अशी होती: जाहिरातीसकट सगळ्या गुंतवणुकीच्या १२० टक्के रक्कम आधी स्टारब्रीझने घ्यायची, मग उरलेल्याची निम्मी-निम्मी वाटणी. शंभराला एकशेवीस. हिशेब मांडून पाहा. जाहिरातीचा खर्च बाजूला ठेवला, तरी १ कोटी २० लाखांवर १ कोटी ४४ लाख डॉलर प्रकाशकाच्या पदरात पडायला हवेत. पण दुकानाचाही वाटा असतो. स्टीमसारखे ऑनलाइन दुकान तेव्हाच्या रूढ दराने विक्रीतले ३० टक्के कापत असे. म्हणजे दुकानात सुमारे २ कोटी ६ लाख डॉलरची विक्री झाल्यावर १ कोटी ४४ लाख उरतात. प्रतीची किंमत ३० डॉलर धरली, तर पावणेसात लाखांहून जास्त प्रती विकल्या जाईपर्यंत बनवणाऱ्याच्या वाट्याला काहीच नाही. त्यात परत आलेल्या प्रती, करवजावट आणि सवलतीतली विक्री हिशेबात धरलेलीच नाही.

वाटाघाटीत ‘निम्मी वाटणी’ हे शब्द कानाला गोड लागतात. पण वाटणी कोणत्या रकमेची आणि कुणाचे देणे भागल्यावर, हे ठरवणारी ओळ त्याच्या आधी असते. धंद्यातले जाणते वकील ‘निव्वळ उत्पन्न’ या व्याख्येवर सगळ्यात जास्त वेळ घालवतात तो यासाठीच.

आतून दिसणारा करार

बाजारातल्या निवेदनांत फक्त गोषवारा येतो. पूर्ण करार आतून कसा दिसतो, हे पाहण्यासाठी दुसऱ्या कुलपाकडे, न्यायालयाकडे वळावे लागते. ॲक्टिव्हिजन या अमेरिकी प्रकाशकाने बंजी या कंपनीशी १६ एप्रिल २०१० रोजी केलेला करार एका वेगळ्याच खटल्यात पुरावा म्हणून आला आणि मे २०१२ मध्ये तो जगासमोर उघडा पडला. ‘डेस्टिनी’ मालेतले चार गेम, २०१३ पासून दर दोन वर्षांनी एक. कामकाजी नफ्यातला २० ते ३५ टक्के वाटा बंजीला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी ९० वर गेली, तर २५ लाख डॉलरचे बक्षीस. पहिल्या सहा महिन्यांत ५० लाख प्रती खपल्या नाहीत, तर करार मोडण्याची मुभा प्रकाशकाला.

या करारातली दोन कलमे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एकात म्हटले आहे की बंजी आपल्या माणसांपैकी जास्तीत जास्त ५ टक्के ‘मॅरेथॉन’ नावाच्या स्वतःच्या गेमच्या नमुन्यावर लावू शकते. कंपनी स्वतंत्र, माणसे तिची, पगार तिचा. तरी त्यांतल्या किती जणांनी स्वतःच्या कल्पनेवर काम करायचे, याचा आकडा दुसऱ्याच्या करारात लिहिलेला. दुसऱ्या कलमाने ‘डेस्टिनी’चे हक्क बंजीकडेच ठेवले होते. सरासरी ९० काही गाठता आली नाही, माल ठरल्या वेळेला निघाला नाही, संबंध ताणले गेले. पण जानेवारी २०१९ मध्ये दोघे वेगळे झाले, तेव्हा बंजी ‘डेस्टिनी’ घेऊनच बाहेर पडली. नऊ वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीने तिला घर सोडताना भांडीकुंडी सोबत नेऊ दिली.

तिसरी खुर्ची: मालक

आता बेंगळुरू. २०१६ च्या अखेरीस स्टारब्रीझने ध्रुवाचा ९०.५ टक्के हिस्सा ८५ लाख डॉलरला घेत असल्याचे जाहीर केले. तेव्हा ध्रुवात तीनशेहून अधिक माणसे होती. ‘फोर्झा’, ‘क्वांटम ब्रेक’, ‘सी ऑफ थीव्ह्ज’ अशा जगभर खेळल्या जाणाऱ्या गेममधल्या गाड्या, इमारती, शस्त्रे, झाडे या कंपनीच्या हातून घडली होती.

ध्रुवाची सुरुवात मात्र वेगळ्या उमेदीने झाली होती, आणि इथे बखरीचा आधार घ्यावा लागतो. नव्वदीच्या अखेरीस इन्फोग्राम्स या फ्रेंच प्रकाशकाकडून तिला ‘मिशन: इम्पॉसिबल’च्या संगणक आवृत्तीचे काम मिळाले होते. हा गेम निन्टेंडोच्या यंत्रावर १९९८ मध्ये आणि प्लेस्टेशनवर १९९९ मध्ये निघाला. संगणक आवृत्ती बाजारात आलीच नाही. अशा वेळी बनवणाऱ्याच्या हाती काय राहते? झालेल्या टप्प्यांचे पैसे आणि अनुभव. नाव दुसऱ्याचे, हक्क दुसऱ्याचे, आणि माल बाजारात न्यायचा की नाही हा निर्णयही दुसऱ्याचा. पुढे ध्रुवाची ओळख गेममधली चित्रे आणि वस्तू तयार करून देणारी कंपनी अशी झाली.

या कामाचा करार प्रकाशकाच्या कराराच्या एक मजला खाली असतो. वरच्या मजल्यावर उचल, वसुली आणि वाटणीची भाषा चालते. खालच्या मजल्यावर नगाची आणि माणूस-दिवसाची. एक मोटार, इतके दिवस, इतके पैसे, दुरुस्तीच्या इतक्या फेऱ्या. गेम लाखोंनी खपला म्हणून खालच्या मजल्यावर एक पैसा वाढत नाही; तो आपटला म्हणून दिलेला पैसा परतही मागत नाहीत. पगार वेळेवर होतो, रात्री झोप लागते. पण मोटार घडली की ती आपली राहत नाही.

भारतीय कायदा इथे बनवणाऱ्याच्या बाजूला थोडासा झुकतो, हे फार जणांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास तो परत जातो. पण ही पाठराखण कागद कोरा असेपर्यंतच. समोरचा वकील ‘जगभर, कायमचे, वापर होवो न होवो’ असे लिहितो आणि कायद्याने ठेवलेली फट एका ओळीत बुजते. सही करणारा त्या ओळीवरून नजर फिरवून पुढच्या पानावरचा दर पाहतो.

गाडी खोलली जाते

नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टारब्रीझचा ‘ओव्हरकिल्स द वॉकिंग डेड’ बाजारात आला आणि पडला. ३ डिसेंबरला कंपनीने स्टॉकहोमच्या न्यायालयात पुनर्रचनेसाठी अर्ज केला. पुनर्रचना म्हणजे दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर घेणेकऱ्यांना थांबवून सावरायला मिळालेली मुदत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘द वॉकिंग डेड’चे हक्क सांभाळणाऱ्या स्कायबाउंडने करार रद्द केला. गेम स्टारब्रीझने बनवला होता, खर्च तिने केला होता. पण नाव भाड्याचे होते आणि घरमालकाने दार लावून घेतले.

या काळातले कागद वाचताना शिवाजीनगरच्या गुजरीतून फिरल्यासारखे वाटते. ‘सिस्टम शॉक ३’च्या प्रकाशनाचे हक्क अदरसाइडकडे परत गेले. मे महिन्यात ध्रुवातला ९१.८२ टक्के हिस्सा ७९ लाख डॉलरला विकला गेला. घेणारी रॉकस्टार गेम्स, जिची शाखा बेंगळुरूत आधीपासूनच होती. आणि त्याच उन्हाळ्यात ‘सायकोनॉट्स २’च्या प्रकाशनाचे हक्क १ कोटी ३२ लाख डॉलरला गेले. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने डबल फाइन विकत घेतली होती. नव्या मालकाला आपल्या घरातल्या गेमवर बाहेरच्याचा वाटा नको होता.

हे आकडे शेजारी ठेवताना सावध राहिले पाहिजे. ध्रुवाच्या दोन किमती वेगवेगळ्या टक्क्यांच्या आहेत. पूर्ण कंपनीच्या हिशेबाने २०१६ चा भाव सुमारे ९४ लाख डॉलर पडतो, २०१९ चा सुमारे ८६ लाख. म्हणजे घट आहे, पण कवडीमोलाने विक्री नाही. घाईत असलेल्या विक्रेत्याने वाजवी भावात सोडलेला माल आहे. दुसरीकडे ८० लाखांच्या करारावर १ कोटी ३२ लाख आले, हा सगळा नफाच होता असे म्हणता येत नाही, कारण २०१७ चा आकडा करार करतानाचा आहे. पण एवढे जपून वाचल्यावरही मुख्य गोष्ट हलत नाही. बावीस वर्षे चाललेल्या कंपनीचा भाव एका अपुऱ्या गेमवरच्या हक्काच्या भावाच्या दोन-तृतीयांशापर्यंतही पोहोचला नाही.

कारण कागदांतच आहे. ‘सायकोनॉट्स २’चा हक्क जगात एकच होता आणि त्याच्यावाचून ज्याचे अडले होते असा ग्राहकही एकच. असा माल अडवणुकीच्या भावाने जातो. ध्रुवाचे कसब मोठे होते. पण तिने घडवलेल्या प्रत्येक वस्तूचा हक्क त्या त्या वेळी देऊन झालेला होता. विकायला उरली ती माणसे, टेबले आणि चालू कंत्राटे. माणसे तर उद्या नोकरी सोडून जाऊही शकतात. खरेदीदाराने त्या जोखमीचा भाव धरला.

नंतरच्या दोन नोंदी

पुनर्रचनेतून २०१९ च्या अखेरीस बाहेर पडताना स्टारब्रीझकडे बराचसा पसारा उरला नव्हता, पण ‘पेडे’ हे नाव होते. २०१६ मध्ये शेअर देऊन घेतलेला तोच तुकडा. त्याच्या बळावर मार्च २०२१ मध्ये कोख मीडिया या प्रकाशकाशी ‘पेडे ३’चा करार झाला. प्रकाशकाने बनवणी, जाहिरात आणि पुढची दीड वर्षाहून जास्त देखभाल यांसाठी ५ कोटी युरो घालायचे. त्याची गुंतवणूक वसूल झाल्यावर वाटणी निम्मी-निम्मी. हक्क आणि गेम कसा असावा हा निर्णय स्टारब्रीझचा. चार वर्षांपूर्वी याच कंपनीने दुसऱ्याला शंभराला एकशेवीसची अट घातली होती. आता बुडता बुडता वाचलेली असताना तिने स्वतःसाठी शंभराला शंभरची अट मिळवली. सप्टेंबर २०२३ मध्ये गेम आला, तेव्हा सर्व्हर कोलमडले आणि खेळणारे वैतागले. पण तो दोष तांत्रिक होता. करारनाम्याने आपले काम केले होते.

दुसरी नोंद आपल्या अंगणातली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम स्वतःच्या कल्पनेवर उभा केला. २०१७ मधली त्यांची लोकवर्गणी फसली. काम मात्र थांबले नाही. खेळता येईल असा नमुना हाती होता, तो दाखवत पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२० मध्ये गेम निन्टेंडोसह इतर यंत्रांवर गेला. वाटाघाटीच्या टेबलावर बसण्यापूर्वी विकण्याजोगे असे काहीतरी आपले असावे लागते. ते मिळवण्यासाठी पुण्याच्या त्या चमूने पगाराची हमी सोडली होती. ध्रुवाने हमी निवडली आणि शेकडो मुलांना हे काम शिकवले. दोन्ही निवडींची किंमत मोजावी लागली. फक्त पावत्या वेगवेगळ्या नावांनी फाटल्या.

या पाच वर्षांच्या कागदांत ध्रुवाचे नाव येते ते खरेदीच्या आणि विक्रीच्या निवेदनात. प्रकाशनाच्या करारांच्या निवेदनांत ते नाही, कारण त्या टेबलावर तिची खुर्चीच नव्हती. आज तिची माणसे रॉकस्टारच्या बेंगळुरू शाखेत मिसळून गेली आहेत. शिवाजीनगरच्या गुजरीत खोललेल्या गाडीचा गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीत बसतो आणि पुन्हा चालतो. फक्त ती गाडी कुणाच्या नावावर आहे, हे गिअरबॉक्सला कुणी विचारत नाही.